पलीकडचा सायकलवाला

दक्षिण कोरियाच्या सीमेवर, पलीकडचा उत्तर कोरिया बघायला बांधलेल्या डोरा ऑब्झर्व्हेटरीच्या गच्चीवर टेलिस्कोप ओळीने लावलेत, सगळ्यांची तोंडं उत्तरेकडे. माझा नंबर लागला तेव्हा आधी काहीच दिसेना, नुसतं धुरकट पांढरं, मग भाच्याने मागून "मावशी, जरा खाली घे" म्हटलं आणि एकदम शेत आलं. कापणी झालेलं भाताचं शेत, बांध, एक मातीचा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून सायकल हातात धरून चालत जाणारा एक माणूस. कॅरिअरला काहीतरी मोठं गाठोडं बांधलेलं. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "दिसला!" भाचा म्हणाला, कुठे कुठे, त्याची बायको पुढे आली, शेजारच्या टेलिस्कोपवरच्या गोऱ्या जोडप्याला मराठीचा गंध नाही पण त्यांना बरोबर कळलं, त्यांनी लगेच माझ्या दिशेने नळी फिरवली. आम्ही पाच-सहा जण त्या एका माणसामागे. तो झाडांच्या आड गेला तसं भाचा म्हणाला, "गेला."

हा सूर माझ्या ओळखीचा होता. ताडोब्यात जिप्सीत बसून चार तास धूळ खाल्ल्यावर पट्टेरी काहीतरी हलतं आणि पुढच्या सीटवरचा माणूस कुजबुजतो, दिसला, आणि सगळी जिप्सी एका बाजूला कलंडते, तोच तो. त्या दिवशी रात्री सुवॉनला भाच्याच्या घरी जेवताना मला हे आठवलं आणि घास तोंडातच घोळत राहिला.

तो तर नुसता घरी चालला होता.

आता ही टूर कशी असते ते जे जाऊन आलेत त्यांना माहितीच आहे. सकाळी अंधारात सोलमधून बस, गाइड बाई टकाटक, माइकवर विनोद करणारी, पासपोर्ट विसरलात तर उत्तर कोरियात नाही, इथेच बसमध्ये बसावं लागेल वगैरे. सोलपासून सीमा साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जाण्यापेक्षा कमी. नदीकाठच्या रस्त्याने जाताना एका बाजूला कॉफी शॉप, अपार्टमेंटचे टॉवर, आणि दुसऱ्या बाजूला काटेरी तारेचं कुंपण सुरू होतं आणि मग ते कुंपण सोडतच नाही तुम्हाला. भाचा कोरियात बरीच वर्षं आहे, त्याच्या ऑफिसातली निम्मी कोरियन पोरं इकडे शाळेच्या ट्रिपनंतर फिरकलेलीच नाहीत म्हणे. त्यांना बालीला जायचं असतं. मला त्याचं नवल वाटलं नाही, रोज उशाला असलेली गोष्ट कोण बघायला जातं.

पहिला थांबा इमजिनगाक, सीमेजवळचं स्मारकांचं उद्यान. इथे मला जरा धक्काच बसला, कारण मी मनाची गंभीर तयारी करून आले होते आणि उतरल्या उतरल्या समोर जत्रा. अक्षरशः. आकाशपाळणे, झुलणारं जहाज, त्यात किंचाळणारी पोरं, तळलेल्या काहीतरीचा वास. आणि त्या जहाजापासून हाकेच्या अंतरावर मांगबेदान, म्हणजे उत्तरेत घर राहून गेलेल्या लोकांसाठी १९८५ मध्ये बांधलेली एक वेदी. ज्यांना आईवडिलांच्या थडग्यापाशी जाता येत नाही ती माणसं सणाला इथे येतात, फळं मांडतात आणि उत्तरेकडे तोंड करून जमिनीला डोकं टेकतात. चुसॉक नुकतंच होऊन गेलं होतं, तो त्यांचा पितरांचा सण. आम्ही गेलो तेव्हा वेदीपाशी कोणी नव्हतं, पाळण्यांवर गर्दी होती. मला आधी राग आला. मग वाटलं राग कशाचा, सत्तर वर्षं एखाद्या जागेने सुतकातच राहायचं का? हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तिथेच एक वाफेचं इंजिन ठेवलंय, युद्धात जागच्या जागी मेलेलं, अंगावर हजारावर गोळ्यांची भोकं. पन्नास वर्षं ते दोन कोरियांमधल्या निर्मनुष्य पट्ट्यात गंजत उभं होतं आणि त्याच्या टपावर तुतीचं झाड उगवलं होतं. इंजिन उचलून आणलं तेव्हा झाडही आणलं आणि शेजारी लावलं. त्या झाडाचं मला फार बरं वाटलं, इंजिनाइतकेच त्याचेही फोटो काढले.

दोन कोरियांमधली रेघ कशी पडली ते थोडक्यात सांगते, कारण ती गोष्ट चीड आणणारी आहे आणि चीड लवकर संपवावी. ऑगस्ट १९४५, कोरियावर राज्य करणारा जपान शरण येतोय, रशियन फौजा वरून खाली सरकतायत. वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगितलं जातं की कोरिया कुठे कापायचा ते बघा. त्यांनी नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा घेतला, अर्ध्या तासात अडतिसाव्या अक्षांशावर बोट ठेवलं. फाळणीच्या रेघेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवीन काही नाही. मग १९५० चं युद्ध, सोल शहर चार वेळा या हातातून त्या हातात, आणि २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला शस्त्रसंधी. शांतता करार नाही, आजतागायत नाही. जिथे फौजा थांबल्या तिथे नवी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना दोन दोन किलोमीटर मागे हटायचं, असा हा जवळजवळ २५० किलोमीटरचा पट्टा. रेघेवर भिंत नव्हती की तार नव्हती, १,२९२ पिवळ्या पाट्या रोवल्या होत्या तेवढंच. तारा, बुरूज, रणगाडे सगळे पट्ट्याच्या कडेला, आणि दक्षिणेत त्याच्याही मागे काही किलोमीटर नागरिकांना परवाना लागतो असा आणखी एक भाग. आमची बस त्या भागात शिरली तेव्हा पुलाच्या तोंडाशी एक अगदी कोवळा सैनिक आत चढला, पासपोर्ट आणि चेहरा, पासपोर्ट आणि चेहरा. मिशीसुद्धा फुटली नव्हती धड. माझ्या पासपोर्टमधल्या फोटोत मी बरीच बारीक आहे, त्याने दोनदा पाहिलं.

हा पूल मात्र लक्षात राहिला, तो पुलामुळे नाही, गायींमुळे. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग हे मूळचे आत्ताच्या उत्तर कोरियातल्या खेड्यातले. पोरवयात घरातून पळाले तेव्हा वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे उचलून पळाले होते. पुढे मोटारी, जहाजं, काय काय केलं, आणि ऐंशी ओलांडल्यावर १९९८ च्या जूनमध्ये ट्रकांच्या रांगेत ५०० गायीगुरं घेऊन हा माणूस याच वाटेने पलीकडे गेला, ऑक्टोबरमध्ये आणखी ५०१. एका गायीचे एक हजार एक करून फेडले. गाइडने हे सांगितलं तेव्हा बसमध्ये कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मात्र विचार करत राहिले की ज्याची गाय होती तो बाप तर केव्हाच गेला असणार.

बोगद्याबद्दल फार लिहीत नाही, सगळे त्याबद्दलच लिहितात. उत्तरेने दक्षिणेच्या पोटात खणलेला तिसरा बोगदा, १९७८ मध्ये सापडला, ७३ मीटर खोल. वाटेत दोन्हीकडे तारेवर लाल त्रिकोण लटकवलेले, सुरुंगाची सूचना. मोबाइल लॉकरमध्ये, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मग जो उतार सुरू होतो तो गुडघ्यांचा जीव काढतो. खाली ओल, गार, छतातून पाणी टपटपतंय आणि पुढे बरंच अंतर वाकून चालायचं, बुटका माणूसही दोन-चारदा डोकं आपटतो, हेल्मेटांचा टक टक आवाज पूर्ण बोगद्यात घुमत असतो. भिंतींना कोळशाची काळी भुकटी फासलेली आहे, सापडल्यावर उत्तरेने सांगितलं की ही आमची कोळशाची खाण आहे. दगड तर ग्रॅनाइट. बोट लावलं की काळं होतं. सगळ्यात शेवटी काँक्रीटची भिंत, तिच्यात एक लहानशी खिडकी, पलीकडे अंधार आणि दुसरी भिंत. लोक त्या खिडकीत डोकावायला रांग लावतात, मीही लावली. वर येताना एक आजोबा दर थोड्या वेळाने भिंतीला टेकून उभे राहायचे आणि त्यांची नात त्यांना काहीतरी चिडवायची. वर आल्यावर दुकान, तिथे या भागात पिकणाऱ्या सोयाबीनचं चॉकलेट. सोयाबीनचं चॉकलेट कसं लागतं विचारू नका. आणलंय, पाहुण्यांना देते.

मग डोरा. समोर दोन झेंडे दिसतात. दक्षिणेचं देसोंग-दोंग नावाचं गाव पट्ट्याच्या आतच आहे, तिथे जवळजवळ शंभर मीटरचा खांब, तर समोर उत्तरेच्या किजोंग-दोंगमध्ये १६० मीटरचा. ऐंशीच्या दशकात तू उंच की मी उंच करत ही स्पर्धा झाली. उत्तरेच्या त्या गावातल्या कित्येक इमारती नुसत्या देखाव्याच्या आहेत असं दक्षिणेकडचे लोक सांगतात. देसोंग-दोंगचे लोक खरे आहेत, भात पिकवतात, कर नाही, पोरांना सक्तीची सैन्यभरती नाही, पण रात्री हजेरी, आणि वर्षातले ठरावीक दिवस गावात मुक्काम केला नाही तर रहिवासी म्हणून नाव जातं. लग्न करून बाई गावात येऊ शकते, पुरुष येऊ शकत नाही, कारण मग भरती टाळायला सगळेच तिथे घरजावई होतील. हे ऐकून नवरा खूप हसला. भोंग्यांचं मात्र हसण्यासारखं नाही, दोन्हीकडून एकमेकांवर भोंगे लावायचे, दक्षिणेकडून गाणी आणि बातम्या, आणि २०२४ मध्ये उत्तरेकडून रात्रभर नुसते विचित्र कर्कश आवाज, सीमेवरच्या गावांची झोप उडाली होती. २०२५ च्या जूनमध्ये ते थांबलं. आम्ही गेलो तेव्हा शांत होतं, म्हणजे टेलिस्कोपपाशी आमचा जो गलका चालला होता तो सोडून.

तर तो सायकलवाला. मला जे खुपलं ते नेमकं काय, यावर मी बरेच दिवस घालवले. गरिबी बघायला जाणं वाईट म्हणावं तर मी त्याची गरिबी बघत नव्हते, सायकल हातात धरून तर आमच्या गावाकडेही माणसं चालतात. आणि बघितलंच नाही तर काय होणार आहे? तिथे ज्यांची भावंडं आहेत त्यांना तर एवढंही बघायला मिळत नाही. दक्षिणेत ज्यांनी पलीकडच्या नातलगांना भेटायचं म्हणून सरकारकडे नावं नोंदवली ते एक लाख तीस हजारांवर लोक, त्यातले बहुतेक वाट बघत गेले. २००० पासून थोड्या थोड्यांच्या भेटी घडवल्या, शेवटची २०१८ मध्ये, त्यानंतर बंद. पत्र नाही, फोन नाही. त्यातलं कोणी म्हातारं माणूस त्या टेलिस्कोपला डोळा लावत असेल तर त्याचं बघणं वेगळं. त्याच्या आणि माझ्यामध्ये रांगेत फक्त दोन माणसं असतील कदाचित. वाघाला बघण्यात आणि सायकलवाल्याला बघण्यात एक साम्य मला टोचत राहिलं, की दोघांनाही पत्ता नसतो, आणि आपल्याला पाहायचं असतं ते त्यांचं काही नाही, आपल्याला "पाहिलं" म्हणायचं असतं. वाघा बॉर्डरला निदान दोन्हीकडे माणसं बसलेली असतात, ओरडायला ओरडून उत्तर मिळतं. मला तो प्रकार कधी आवडला नाही, पण इथून बघताना तो बरा वाटला.

आणि गंमत म्हणजे खरी जनावरं मधल्या पट्ट्यात मोकळी आहेत. सत्तर वर्षं माणूस नाही म्हटल्यावर तिथे रान माजलंय, सहा हजारांच्या आसपास जाती नोंदवल्यात, कस्तुरीमृग आहेत, काळं अस्वल कॅमेऱ्यात आलंय, आणि हिवाळ्यात चेरवॉनकडे लाल डोक्याचे क्रौंच उतरतात, जगात फार थोडे उरलेत ते. खाली सुरुंग आहेत, लाखांच्या हिशोबात. भाच्याच्या बायकोला पक्ष्यांचं वेड आहे, ती म्हणाली जानेवारीत क्रौंच बघायला परत येऊ. सुरुंगांनी राखलेलं अभयारण्य. तिच्या उत्साहावर मी काही बोलले नाही.

आता थोरातांकडे येते, खरं तर हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला होता. आमचे हे कोल्हापूरचे, त्यामुळे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे नाव घरात अधूनमधून निघतं, पण ते नेहमी १९६२ वरून, म्हणजे चीनबद्दल त्यांनी आधीच सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही, इत्यादी. डोराच्या गच्चीवर नवरा सहज म्हणाला, "थोरात इथंच कुठंतरी होते की." मी म्हटलं, इथे? इथेच, त्या पट्ट्याच्या आत.

झालं असं होतं की युद्ध थांबायला जी दोन वर्षं लागली ती मुख्यतः कैद्यांवरून. दक्षिणेकडच्या छावण्यांत, उत्तरेच्या बाजूने लढलेले हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणत होते की आम्हाला परत जायचं नाही. चीन म्हणत होता की ते म्हणत नाहीत, त्यांना म्हणायला लावलंय. दोन्हींत खरं होतं. शेवटी तोडगा निघाला की तटस्थ देशांचा आयोग नेमायचा, भारत अध्यक्ष, जनरल थिमय्या त्यावर, आणि कैदी सांभाळायला भारतीय सैन्य, ते थोरातांच्या हाताखाली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर इतका राग की आमच्या मातीला भारतीय सैनिकाचा पाय लागता कामा नये म्हणाले. म्हणून मग पाच-सहा हजार जवान इंचॉनच्या समुद्रातून थेट हेलिकॉप्टरने त्या पट्ट्यात नेऊन उतरवले. १९५३ साल, हेलिकॉप्टर बघितलेलं तरी असेल का त्यातल्या कोणी? छावणीला नाव दिलं हिंद नगर. आणि समोर बावीस हजारांवर कैदी, जे यांना कम्युनिस्टांचे हस्तक समजत होते. पलीकडच्या बाजूला साडेतीनशेच्या वर, त्यात तेवीस अमेरिकन, ज्यांना अमेरिकेत परत जायचं नव्हतं.

सप्टेंबरमध्येच चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला तारेच्या आत ओढून ओलीस ठेवलं. थोरात मोजकी माणसं घेऊन स्वतः आत गेले, हजारभर खवळलेल्या लोकांच्या मध्ये, आणि बोलून त्याला सोडवून आणलं, गोळी न झाडता. ही गोष्ट नवऱ्याने गच्चीवर उभं राहून अशा थाटात सांगितली की जणू हा स्वतः मागे उभा होता. मलाही छाती फुगल्यासारखं झालं, खोटं कशाला बोला. पण घरी येऊन जेवढं मिळालं तेवढं वाचलं तर त्याच आठवड्याच्या पुढेमागे, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दंगल झाल्यावर भारतीय पहाऱ्याने गोळीबारही केलेला आहे आणि कैदी मेलेत. हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. थोरातांची त्यामुळे किंमत कमी होते असं मला वाटत नाही, उलट ती जागा किती वाईट होती ते कळतं. दोन्ही बाजूंनी रोज वाभाडे, थंडी कोरियाची, आणि काम असं की कोणीच खूश होणार नाही.

सगळ्यात जास्त मला छळतात ते तंबू. प्रत्येक कैद्याला एकेकट्याने तंबूत आणायचं, समोर त्याच्या देशाचे अधिकारी बसलेले, ते समजावणार, बाबा घरी चल, काही शिक्षा नाही. शेजारी भारतीय पहारेकरी. तंबूला बाहेर पडायला दोन दारं, एक घरचं, एक न जाण्याचं. कैदी ओरडायचे, थुंकायचे, खुर्च्या फेकायचे, त्यांना धरून ठेवावं लागायचं. त्या धरून ठेवणाऱ्यांमध्ये विशी-पंचविशीची आपली पोरं होती, भाषा कळत नाही, समोरचा रडतोय की शिव्या देतोय तेही नीट कळत नसणार, आणि फक्त बघायचं की त्याने कोणत्या दारातून जायचं ते तोच ठरवतोय. हेही बघणंच की. पण हात लावून, आणि समोरच्याने आपल्याकडे बघत असताना. परतायला तयार झालेले फार थोडे निघाले. २३ जानेवारी १९५४ ला बाकीच्यांना सोडून दिलं, चिनी बहुतेक तैवानला, कोरियन दक्षिणेत.

आणि ८८ जण उरले. ७६ कोरियन आणि १२ चिनी, ज्यांनी सांगितलं हे पण नको आणि ते पण नको. त्यांना आपल्या सैन्याने बोटीत घालून भारतात आणलं. दोनेक वर्षं ते इथे राहिले, मग बरेचसे ब्राझीलला गेले, काही अर्जेंटिनाला, थोडे भारतातच राहिले. भाचा म्हणाला, म्हणजे तिसरं दार. मी म्हटलं, तिसरं दार कसलं, तंबू फाडून गेले म्हण.

परतीच्या बसमध्ये ही सगळी चर्चा आमची मोठमोठ्याने मराठीत चालली होती, बाहेर काळ्या जाळीखाली जिनसेंगची शेतं, मग तार, मग टॉवर. गाइड बाई मागे आली, काही प्रॉब्लेम आहे का विचारायला. भाच्याने तिला कोरियनमध्ये थोडक्यात सांगितलं, हेलिकॉप्टर, हिंद नगर, थोरात, ओलीस मेजर. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फोन काढला, नाव परत विचारलं, थो-रा-त, तिच्या लिपीत उतरवून घेतलं आणि म्हणाली की आता खूप इंडियन ग्रुप येतात, त्यांना हे सांगायला छान आहे. म्हणजे पुढच्या सीझनपासून पासपोर्टच्या विनोदानंतर आणि हजार गायींच्या आधी कुठेतरी कोल्हापूरकर थोरात येणार. नवरा खूश. गोळीबाराचं आम्ही तिला सांगितलं नाही, विषय तिथवर गेलाच नाही. त्या अठ्ठ्याऐंशींचं सांगितलं, ते तिला आवडलं, आकडा तिने दोनदा विचारला आणि सोल येईपर्यंत फोनवर त्यांनाच शोधत बसली.